पाटखडकावर पाणी चढलं तेव्हा

मासळी खात्यात नोकरी केली असं सांगितलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, घरी रोज फुकटचे मासे येत असतील नाही? आणि दुसरा, तुम्ही पोहण्यात तर एकदम पटाईत असाल? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. आई होती तोवर आमच्या घरात मासा शिजला नाही. दुसऱ्याचं उत्तर मी सहसा टाळतो, पण आता निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर लपवायचं कशाला? मला पोहता येत नाही. जन्म नदीकाठी काढला, पगार नदीचा खाल्ला, पण पाणी छातीवर आलं की माझा श्वास आजही अडकतो. पूर्वी तो फक्त अडकायचा. आता त्याच्याबरोबर एक दुपार डोळ्यांपुढे उभी राहते.

चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षाची ही हकिकत. मी नवा निरीक्षक होतो आणि मला इंद्रावतीच्या काठी पाठवलं होतं. नदीच्या या काठाला आपला जिल्हा, पलीकडे बस्तर. काम कागदावर साधं होतं. कोणत्या डोहात कोणता मासा आहे, तो कधी अंडी घालतो, काय खातो, हे पाहायचं. यातलं ‘काय खातो’ हे सगळ्यात अवघड. त्यासाठी माशापेक्षा किड्यांच्या मागे जास्त फिरावं लागतं.

बाहेरच्या माणसाला हे ठाऊक नसतं, म्हणून थोडं सांगतो. वाहत्या नदीतला एखादा दगड उचलून उलटा करा. खाली चपटे, सहा पायांचे, शेपटीला दोनतीन केस असलेले किडे पळताना दिसतील. हे पाण्यातच वाढतात, महिनोन्महिने. मग एके दिवशी, हवामान जुळलं की, सगळे एकदम दगड सोडून वर येतात. पाण्याच्या पृष्ठभागावर पाठीची कात उलते आणि आतून पंखांचं पाखरू निघतं. होडीला शीड लावावं तसे पंख उभे करून ते थोडा वेळ पाण्यावर वाहत जातं, पंख वाळले की उडतं. त्याला तोंड असून नसल्यासारखं असतं. जोडी जमवायची, पाण्यात अंडी टाकायची आणि मरायचं, एवढंच त्याचं आयुष्य. पण ते पाण्यावर वाहत असतात तेवढा वेळ मासे वेडे होतात. एरवी तळाशी दडलेला मासा वर येऊन चपाचप तोंड मारतो. जुळावं लागतं ते हवामान असं: पाणी निवळलेलं, इतकं की गुडघाभर पाण्यात आपल्या पायाची नखं दिसावीत. वारा पडलेला. रात्री थंडी आणि दुपारी उबदार ऊन. दिवाळीनंतरचे काही आठवडे आमच्या नदीवर असे दिवस येत.

याच दिवसांसाठी नागपूरहून दातार साहेब आले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनिअर, साठीच्या पुढचे, सडपातळ, कमी बोलणारे. त्यांना गळ टाकायचा नाद होता, पण गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावणं त्यांना मान्य नव्हतं. ते कोंबड्याच्या मानेची पिसं रेशमी धाग्यानं गळाला बांधून हुबेहूब पाण्यावरचं पाखरू तयार करत आणि लांब लवचीक काठीनं ते दूरवर हलकेच टेकवत. काश्मीरच्या थंड नद्यांत साहेब लोक ट्राउट मासा असाच धरतात म्हणे. आमच्या गरम मुलखात ट्राउट नाही, पण मोठ्या खवल्यांचा महाशीर आहे. तो पाखरं खातो की नाही, हे दातारांना पाहायचं होतं आणि मलाही. खात्यानं त्यांना परवानगी दिली आणि त्यांची व्यवस्था माझ्याकडे सोपवली.

आम्ही मुक्काम केला तो कवडूच्या झोपडीशेजारी. कवडू मूळचा आरमोरीकडचा ढिवर, म्हणजे मासेमार. इथल्या उताराचं, म्हणजे माणसांना नदीपार सोडायचं, काम मिळालं म्हणून बायकोला घेऊन इतक्या दूर जंगलात आलेला. लाकूड कोरून केलेला एक डोंगा, दोन जाळी, थोड्या कोंबड्या, एवढा त्यांचा संसार. बायकोचं नाव पार्बता. दातारांनी आल्या आल्या तिच्या कोंबड्याच्या मानेकडे अशा नजरेनं पाहिलं की तिनं तो दोन दिवस टोपल्याखाली झाकून ठेवला.

मला सगळ्यात आधी खटकलं ते तिचं पाणी भरणं. ती नदीच्या कडेला जात नसे. उंच दरडीवर उभी राहून लांब बांबूच्या टोकाला बांधलेली घागर खाली सोडायची आणि वर ओढायची. मी म्हटलं, “पार्बताबाई, दहा पावलं खाली उतरलं तर एवढी मेहनत कशाला?”

ती म्हणाली, “मंगर हाये, भाऊ.”

पावसाळ्यात मगरीनं पलीकडच्या वस्तीतला एक माणूस ओढून नेला होता. बिरजू त्याचं नाव. कवडूचा दोस्त. उतारावर कंबरभर पाण्यात उभा राहून तो डोंग्याला हात देत होता आणि कवडू डोंग्यात होता. कवडू एवढंच सांगायचा, “मले वाटलं, त्यो खाली वाकला.” त्यापुढचं तो कधी बोलला नाही. त्या दिवसापासून कवडूनं पाण्यात पाऊल टाकलं नव्हतं. डोंगा दरडीला भिडवायचा आणि उडी मारून कोरड्यावर यायचा. ज्याचं पोट पाण्यावर, असा ढिवर.

आमच्या मुक्कामासमोर नदीच्या मध्ये एक लांबट काळा खडक होता. त्याला पाटखडक म्हणत. आमच्या काठाकडून त्याच्यापर्यंत एक अरुंद धार होती, थंडीच्या दिवसांत कंबर-छातीएवढ्या पाण्याची. खडकाच्या पलीकडे खरी नदी. मगर बऱ्याचदा याच खडकाच्या खालच्या टोकाला ऊन खात पडलेली असे. आम्ही वरच्या टोकाला उतरलो की ती पलीकडच्या पाण्यात सरकायची. तिच्या त्या सरकण्याला आवाज नसे. ती पाहिली की मी दोन पावलं मागे सरायचो, पण दातार म्हणायचे, “दिसतेय तोवर काही नाही.” हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की मलाही त्याचा आधार वाटू लागला होता.

त्या दिवशी सगळं जुळलं होतं. पहाटे कडाक्याची थंडी पडली, मग स्वच्छ ऊन. फक्त पूर्वेकडे, बस्तरच्या डोंगरांवर, धुरकट पट्टा दिसत होता. कवडू त्याच्याकडे पाहत थांबला. मी विचारलं, “काय रे?”

“काई नाई. तिकडं पडला असन थोडासा पानी.”

“आपल्याकडे येईल?”

“दिवाळी झाल्यावर काऊन येईन जी?” तो म्हणाला आणि त्यानं डोंगा सोडला.

खडकावर उतरून त्यानं डोंगा दोरानं कपारीतल्या दगडाला बांधला. मगर होती. ती सरकून गेली. ऊन डोक्यावर आलं आणि पाखरं निघायला लागली. मी नोकरीत पुढे खूप नद्या पाहिल्या, पण तसं पुन्हा नाही पाहिलं. सारं पाणी राखी-पिवळ्या पंखांनी झाकलं. आमच्या हातांवर, दातारांच्या टोपीवर, माझ्या चष्म्यावर पाखरं बसत होती. आणि मासे उसळायला लागले. आधी लहान, मग धारेच्या कडेला एक काळसर पाठ वर आली आणि घोटभर पाणी गिळून खाली गेली. दातारांनी काठी सरसावली. “महाशीर,” ते म्हणाले. मी पाखरं गोळा करून स्पिरिटच्या बाटलीत टाकत होतो. त्यांनी काठी फिरवली, दोरा हवेत लांब होत गेला आणि पिसांचं पाखरू खऱ्या पाखरांत जाऊन बसलं.

आणि मासे थांबले.

एकदम. कुणी हुकूम दिल्यासारखे. पाखरं अजून पाण्यावर वाहत होती, पण त्यांना खायला कुणी येईना. दातारांनी पुन्हा दोरा टाकला, पुन्हा टाकला. मी बाटली खाली ठेवून पाण्याकडे वाकलो. मघाशी तळाचे दगड दिसत होते. आता दिसत नव्हते. पाण्याला पातळ चहाचा रंग आला होता. फेसाची एक रेघ खडकाला घासून गेली, तिच्यामागून सागाची पानं, मग एक अख्खं बांबूचं बेट, मुळांसकट.

“साहेब,” कवडू म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू होता. “पानी येऊन राह्यलं.”

तो डोंग्याकडे धावला. आम्हीही वळलो. पण डोंग्यापर्यंत पोचण्याआधीच वरून वाहत आलेलं एक झाड आडवं होऊन डोंग्यावर आदळलं. दोर ताणला गेला, तुटला, आणि डोंगा पालथा होऊन झाडाच्या फांद्यांत अडकून गेला. बघता बघता वळणाआड दिसेनासा झाला. आकाशात ढग नव्हता. डोक्यावर ऊन तसंच होतं. मला ते ऊन फार भयंकर वाटलं. पाऊस पडत असता तर काहीतरी समजलं असतं.

खडक लहान होऊ लागला. पाणी उसळून येत नव्हतं, नुसतं चढत होतं. जिथे माझी बाटली ठेवली होती तिथे पाहिलं तर बाटली नव्हती. आमच्या काठाकडची धार आता फुगली होती आणि तिचा आवाज इतका वाढला होता की दरडीवर धावत आलेली पार्बता तोंड उघडून ओरडताना दिसत होती, शब्द येत नव्हता.

तेवढ्यात कवडूनं माझं मनगट धरलं. मी त्याच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. खडकाच्या खालच्या टोकाला मगर वर आली होती. मोठ्या धारेतून निवाऱ्याला आली असावी. दोन बैलगाड्या मावतील एवढंच अंतर आमच्यात उरलं होतं. ती आमच्याकडे बघतही नव्हती. जबडा किंचित उघडा ठेवून नुसती पडली होती. आम्ही तिघं एकमेकांना चिकटून उभे होतो. पाणी दोन्ही बाजूंनी चढत होतं आणि ते अंतर तेवढंच राहील याची खात्री नव्हती. मला देवाचं नाव आठवेना. आईचं आठवलं.

मग तिच्या पोटाखाली पाणी गेलं. ती शेपटीच्या एका झटक्यात पाण्यात उतरली, पण या वेळी पलीकडे नाही, आमच्या काठाकडच्या धारेत. गढूळ पाण्यावर क्षणभर नाकाची टोकं दिसली आणि तीही गेली. ती दिसत होती तेव्हा बरं होतं, हे आम्हाला तिघांनाही त्याच वेळी कळलं असावं.

“मी जातो,” कवडू म्हणाला. “पोहून जातो. दोर घेऊन येतो.” त्यानं डोक्याचं मुंडासं काढून कमरेला बांधलं आणि कडेला गेला. एक पाय पाण्यात घातला. तो पाय मी पाहत होतो. गुडघ्यापासून खाली तो लटलट कापत होता. कवडू तसाच खाली बसला आणि त्यानं पाय वर ओढून घेतला. “नाई होत, साहेब,” तो म्हणाला. “मले बिरजू दिसते.”

त्याला कोण काय म्हणणार? मला तर तळ्यात तरंगताही येत नव्हतं.

दातार त्यांच्या हातातल्या काठीकडे पाहत होते. मग त्यांनी विचारलं, “कवडू, तुझा तुंबा कुठाय?” कवडूच्या खांद्याला वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा होता, प्यायच्या पाण्याचा. दातारांनी तो रिकामा केला, बूच घट्ट बसवलं, गळ तोडून टाकला आणि दोऱ्याचं टोक तुंब्याच्या मानेला बांधलं. त्यांच्या काठीच्या चाकावर रेशमी दोरा भरपूर होता, मोठा मासा पळत सुटला तर कमी पडू नये म्हणून ठेवलेला. ते म्हणाले, “धार पुढे काठाला लागते. तुंबा सोडू. वाहत वाहत काठाला जाईल. पार्बतेला खूण करा.”

पहिल्यांदा सोडला तेव्हा तुंबा धारेच्या मधोमध सरळ खाली गेला. त्यांनी तो परत गुंडाळून आणला. तेवढ्या वेळात पाणी आमच्या घोट्याला लागलं. आता खडकाचा फक्त मधला उंचवटा कोरडा होता. दुसऱ्यांदा त्यांनी तुंबा काठी फिरवून जमेल तितका काठाकडे फेकला आणि दोरा सैल सोडत राहिले. तुंबा गरगरला, थांबला, मग एका भोवऱ्यानं त्याला आत घेतलं आणि पाण्यात बुडालेल्या जांभळीच्या झुडपाशी नेऊन अडकवला. काठापासून वीसेक हात अंतर असेल. मध्ये पाणी.

कवडू दोन्ही हात हलवून तुंबा दाखवत होता. पार्बतेला समजलं होतं. ती दरड उतरून पाण्याच्या कडेला आली आणि थांबली. मगर धारेत उतरलेली तिनंही वरून पाहिली होती. बांबूनं तुंबा ओढता येतो का ते तिनं पाहिलं. बांबू पुरेना. मग तिनं लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि पाण्यात पाय घातला.

कवडू खाली बसला. त्यानं तोंड गुडघ्यात घातलं आणि मला म्हणाला, “तुम्ही पाहा. मले सांगा.”

मी सांगत गेलो. गुडघाभर गेली. मांडीभर गेली. बांबू पुढे टेकवत चाललीय. कंबरभर. मग मी गप्प झालो.

“काऊन थांबले?” कवडूनं वर न पाहता विचारलं.

“ती थांबलीय.”

ती पाण्यात खांबासारखी उभी होती. पुढे नाही, मागे नाही. मान ताठ, नजर समोर, बांबू धरलेले हात छातीशी. मला वाटलं, भीतीनं तिचे पाय गेले. कवडूनं मान वर केली आणि तो ओरडायला लागला, “परत फिर, पार्बते, परत फिर!” तिला ऐकू जाणं शक्य नव्हतं. ती तशीच उभी राहिली. किती वेळ, ते मला सांगता यायचं नाही. मग तिनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, झुडपाला हात घातला आणि तुंबा उचलला.

पुढचं काम तिनं घाई न करता केलं. झोपडीतून उताराचा जाड दोर आणला, एक टोक काठावरच्या अर्जुनाच्या बुंध्याला बांधलं, दुसरं आमच्या रेशमी दोऱ्याला. दातार ओढू लागले. जाड दोर पाण्यात पडताच धारेनं धरला आणि रेशीम त्यांच्या तळहातात रुतलं. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, “झटका देऊ नका, तुटेल.” त्यांच्या बोटांतून रक्त ठिबकत होतं. माशाला खेळवतात तसे ते दोर थोडा सोडत, थोडा घेत होते. शेवटी जाड टोक कवडूच्या हाती आलं आणि त्यानं ते उंचवट्याला दोन वेढे देऊन बांधलं.

दोर धरून पहिला कवडू गेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, दातारांकडे पाहिलं नाही, पाण्याकडेही नाही. फक्त बायकोकडे पाहत पाण्यात उतरला आणि हातावर हात टाकत पलीकडे पोचला. मग मी. याबद्दल फार लिहिवत नाही. मध्यावर पायाखालचा तळ सुटला, धारेनं पाय आडवे केले आणि मी दोराला फडक्यासारखा लोंबलो. काहीतरी माझ्या पोटरीला लागलं. फांदी होती. ती वर आली तेव्हा मला दिसली. पण ती दिसेपर्यंत मी मेलेलो होतो. काठावर कवडूनं मला मानगूट धरून ओढलं.

दातार शेवटी निघाले. काठी त्यांनी खडकावर ठेवली, नीट आडवी. ते अर्ध्यावर आले असतील तेव्हा उंचवटा पाण्याखाली गेला. त्यांचे हात कापलेले, पकड सुटत होती. एक हात सुटला, मग दुसरा कोपरापर्यंत घसरला. मी नुसता “कवडू” एवढंच म्हटलं. पण तो आधीच पाण्यात होता. दोराच्या आधारानं छातीभर पाण्यात गेला, दातारांचा कोट धरला आणि त्यांना पोत्यासारखं ओढत काठावर आणून टाकलं. मग स्वतः त्यांच्या शेजारी उताणा पडला आणि बराच वेळ आकाशाकडे पाहत राहिला.

सूर्य मावळायला टेकला तेव्हा आम्ही झोपडीपुढे शेकोटीभोवती बसलो होतो. पार्बतेनं काळा चहा केला. दातारांच्या हातांना हळद लावून जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. खाली नदी लालभडक वाहत होती आणि पाटखडक कुठे होता ते ओळखूही येत नव्हतं. मला वाटलं, तिला शाबासकी द्यावी, धीर द्यावा. म्हणून मी म्हटलं, “पार्बताबाई, मध्येच तुम्ही थांबलात तेव्हा आम्हाला वाटलं, भ्यालात.”

तिनं शेकोटीतलं लाकूड पुढे सारलं. “भेलोच होतो, भाऊ,” ती म्हणाली. तिच्याकडच्या बायका असंच बोलतात, पुरुषांसारखं. “पन त्याच्यानं नाई थांबलो. पायाले लागली.”

“काय लागलं?”

“मंगर. पयले पोट लागलं, नरम. मंग शेपूट. लय येळ लागला तिले जायाले. म्हनून हाललो नाई.”

मी म्हणालो, “आम्ही त्याच पाण्यातून आलो. तुम्ही सांगितलं का नाही?”

“कसं सांगू? ऐकू तं येत नोहोतं.” मग ती म्हणाली, “आन ऐकू आलं असतं, तरी नसतं सांगितलं. कोनी पाय टाकला असता का जी पान्यात?”

दातार उठले, झोपडीच्या मागे गेले, आणि त्यांना उलटी झाल्याचा आवाज आला. कवडू सरकत सरकत तिच्याजवळ गेला, परक्या माणसासमोर त्या काळी कुणी करत नसे तसा तिचा पाय त्यानं उचलून मांडीवर घेतला आणि शेकोटीच्या उजेडात घोट्यापासून गुडघ्यापर्यंत तिची कातडी चाचपून पाहू लागला. एकदा पाहिली, पुन्हा पाहिली. “काई नाई झालं,” ती म्हणत होती. त्यानं दुसरा पाय घेतला.